पिकअपच्या मानेवर भार नको

११ ऑगस्ट, सोमवार
खुशीने फोनमध्ये सोय करून दिली. खुशी माझी नात, अमरावतीला कॉलेजात आहे. आपण बोलायचं, फोन लिहितो. म्हणाली, आजी, कोणी वाचणार नाही, तुझं तू बोल. मी तर वाचणारच नाही, मला अक्षर येत नाही. तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. फोनला वऱ्हाडी कळत नाही म्हणे, शुद्ध लागतं. मी शुद्धच बोलते. बाकीचे लोक जसे बोलतात तसे सांगीन, त्याला मी काय करू.

आज ग्रामसभा. विषय गावतलाव. तलावात कमळ आहे, ते तोडायचा ठेका आमच्याकडे. मागच्या साली माझी सून शकुन ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून कमळं तोडत होती, ट्यूब उलटली. माझ्या दिराने, जानरावने, तिला केस धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून तो गावभर सांगतो, वयनीच्या घरी कमळं तोडत नाहीत, सुना बुडवतात.

सरपंच ललिताबाई म्हणाली, यंदा ट्यूब बंद. "पार्वताबाई, महालक्ष्म्यांच्या आत तुमची नाव तलावात दिसली पाहिजे. नाही तं ठेका जानरावभाऊले." जानरावने धरणावरचे भोई सांगून ठेवलेत, त्यांच्याकडे डोंगा आहे. वरून म्हणतो कसा, "वयनी, तुमचं वय नावेत बसाचं नाही, चौघाईच्या खांद्यावर बसाचं हाये."

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला. जरा जोरात, जानरावच्या दिशेने. ग्रामसेवकाच्या कपाळाला लागला.

संकल्प: आजपासून हात उगारायचा नाही. वय झालं. शिवाय निशाणा चुकतो.

१३ ऑगस्ट, बुधवार
घरात नावेवर चर्चा. चर्चेत कढई वाकली. आधीच वाकडी होती.

माझा मुलगा देवीदास म्हणतो, मोर्शीकडून फायबरचा लहान डोंगा आणू, दोन माणसांचा, पिकअपच्या हौद्यात मावतो. पिकअप आमचीच, फुलं घेऊन अमरावतीच्या मार्केटला जाते. मी म्हटलं, दोन माणसांच्या डोंग्याने जानरावचं नाक कापलं जात नाही, नुसतं खरचटतं.

अकोल्याला जठारपेठेत पंजाबराव म्हणून एक गृहस्थ आहेत, शकुनच्या माहेरच्या ओळखीचे. त्यांनी धरणावर बोटिंग सुरू करायला नाव घेतली, परवानगी काही आली नाही, नाव अंगणात उभी आहे. खुशीने फोटो दाखवला. लोखंडी. वीस माणसं बसतील. समोर हंसाची मान, चांगली माणसाच्या उंचीची.

देवीदास म्हणे, "माय, आपल्याले कमळं तोडाची हायेत का वरात काढाची हाये?"

त्याला शांतपणे समजावलं. संध्याकाळपर्यंत गालावरचा वळ गेला. पंचेचाळीसचा झाला, पण कातडी अजून चांगली आहे. माझ्यावर गेला.

१७ ऑगस्ट, रविवार. अकोला
नाव पाहिली. हंसाला एकच डोळा आहे, दुसरा कोणाच्या तरी दगडाने गेला. आत पंजाबरावांच्या बायकोने कुलर ठेवले होते, उन्हाळा संपला की ते नावेत. नाव जाणार हे कळल्यावर तिने आधी देवाला हात जोडले, मग नावेला लाथ मारली. अंगठ्याचं नख उडालं. तरी दुसरी मारली. बाई मला आवडली.

पंजाबराव म्हणाले, "आजी, हिचं इंजिन मांगं हाये, सारं वजन मांगं जाते. पिकअपनं ओढाची चीज नाही हे. ट्रॅक्टर सांगा."

मी म्हटलं, बाबा, मी जन्मभर बैलगाडीत बसले, मला ओझं शिकवू नको. त्यांनी नाव ट्रॉलीवर पुढे सरकवून दाखवली, म्हणे अशीच न्या. म्हणजे सगळा भार पिकअपच्या हुकावर! गाडी पुढून जड झाली की बैलाच्या खांद्याला गाठी येतात. मुक्या जिवाच्या मानेवर भार नको. ओझं नेहमी मागे.

देवीदास म्हणे, "माय, पिकअपले मान नसते."

मी म्हटलं, गळा नाही तर भोंगा कुठून वाजतो?

सौदा झाला. २५ तारखेला नाव आणायची. दुपारचं जेवण घरी. पिठलं सांगून ठेवलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
खांदशेकणी. उद्या पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, हळद-तूप लावायचं. आमचे बैल कधीच गेले, आता पिकअप आहे. अमरावतीहून तिला मागे जाड हूक वेल्ड करून आणलाय. मी हळद घालून तूप कढवलं, पळसाच्या पानाने हूक शेकला, ट्रॉलीची कडी अडकवायच्या पिनेलाही चांगलं चोळलं आणि बोनेटला सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. शकुन तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. मागच्या साली बुडताना कुठे हसत होती?

कुंपणावरून जानराव. "वयनी, बदक ओढाले हत्ती लागते. बोकडाले तूप लावून त्याचा हत्ती होते काय?"

मी म्हटलं, हंस आहे. तो म्हणे, बदक. मी म्हटलं, भाऊ, या वयात तुमचाही खांदा दुखत असेल, आणि पळसाचं पान त्याच्या मानेवर ठेवलं. तूप कढतं होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याने पान खेचून फेकलं, ते शकुनच्या तोंडावर बसलं. मग देवीदास आणि जानराव कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घेऊन एकमेकांवर. मी मध्ये पडले नाही. मागून देत होते पऱ्हाट्या, देवीदासला.

हात उगारायचा नाही हा संकल्प पाळला. पान ठेवायला हात उगारावा लागत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
पिकअपला झूल, घुंगरू, बाशिंग. तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी केली. शेजारचा बैल तिचा आरसा पाहून बिथरला आणि त्याने आरसा फोडला. सुरुवात त्याने केली, हे लक्षात ठेवावं.

झडत्या म्हणायची वेळ झाली. मानेला पट्टी बांधलेला जानराव पुढे आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला:

तलावात कमळ, वरून उडे घार,
वयनीच्या हुकाले तुपाची धार,
पिकअप म्हणे, मी मेलो मेलो,
बदक म्हणे, मी आताच आलो!

सगळं गाव हर हर महादेव. तोरण तुटलं, पाठोपाठ एक नाकही तुटलं. ते तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाचं निघालं. पोळ्याची मारामारी दरसालची, ती मोजायची नाही. माझ्या हातात तर नुसतं बाशिंग होतं. टोक असतं त्याला, हे खरं.

२५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी, जठारपेठ. पंजाबरावांच्या माणसांनी नाव ट्रॉलीवर पुढे ठेवली. मी मागे सरकवायला लावली. पंजाबराव हात जोडून घरात गेले आणि दार लावून घेतलं. हुकाजवळचा भार इतका हलका झाला की ट्रॉलीची कडी मी एका हाताने उचलली. देवीदास म्हणे, "तेच तं भेव हाये, माय."

वळणावर हंसाच्या मानेने वरच्या दोन केबली तोडल्या. लोक धावत आले. निरोप द्यायला आले समजून मी हात हलवला. दगड आले.

दुपारी. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि नाव मागून डोलायला लागली. आधी वाटलं खूश आहे, बैल घराच्या वाटेला लागला की डोलतोच. मग ती पिकअपलाच डोलवायला लागली. आम्ही या पट्टीतून त्या पट्टीत. देवीदास स्टीअरिंगशी कुस्ती खेळत होता. मी पिकअपच्या टपावर थाप मारून म्हटलं, हो रे राजा, हळू रे राजा. देवीदासने ब्रेक दाबला तशी अजून उधळली. मैलाचा दगड गेला. ढाब्याची पाटी गेली. ढाब्याच्या खाटा गेल्या, एकीवर माणूस होता, तो आधीच पळाला. एक मोटारसायकलवाला गाडीसकट पऱ्हाटीच्या वावरात शिरला.

तो उठला, चिखल पुसला आणि देवीदासला खिडकीतून ओढून मारलं. ढाब्यावाल्याने मारलं. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांनी जास्त मारलं. मी मध्ये पडले नाही. माझी छत्री पडली, काही डोक्यांवर. एकाचा कान फाटला, त्याने आधीच बाळी घातली होती, तिथूनच फाटला.

देवीदासचा समोरचा दात गेला. रडत होता. म्हणे, "माय, आज आपन दोघंई मेलो असतो. नाव पुढं सरकवू दे." मी म्हटलं, नाव बरोबर आहे. तुझं मन लागत नाही गाडीत.

संध्याकाळी. बडनेऱ्याच्या पुलावर चढताना क्लच जळला. फार धूर. मागच्या गाड्यांनी शिव्या दिल्या त्या शुद्धात सांगता येणार नाहीत.

पिठलं राहिलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार. अमरावती
पिकअप गॅरेजात. नाव पुलाखाली. कोणीतरी हंसाला हार घातला, समोर नारळ फोडून गेलं. मिस्त्रीने हुकाची हळद पाहून विचारलं, "आजी, गाडीचं लग्न लागलं काय?" देवीदास माझ्याशी बोलत नाही. ओठ सुजलेत म्हणून.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. आम्हीही पोचलो! बडनेऱ्याहून तिवस्यापर्यंत आणि तिथून गावात, हंसाने मान हलवली नाही. तुपाला मुरायला दोन दिवस लागतात, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर शकुनच्या तोंडून निसटलं. मी टपरीवर चहा पीत असताना देवीदासने चार माणसं लावून नाव पुढे सरकवली होती. माझ्या पाठीमागे! मी हुकाला हात लावून पाहिला. केवढा भार! बिचारी तशीच ओढत आली, तोंडातून शब्द काढला नाही. देवीदासशी बोलले. शकुन मध्ये आली. लाटण्याचे दोन तुकडे झाले.

ते ऐकून जानराव आला. ट्रॅक्टर घेऊन. म्हणे, "वयनी, दुश्मनी आपली हाये, पोट्ट्याले कायले मारता? तलावाच्या पाळीवर माहा ट्रॅक्टर लावतो, नाव आरामात उतरते. तलाव तुमचाच म्हनीन, चारचौघात."

चाल आहे. त्याच्या ट्रॅक्टरने माझी नाव उतरली तर कमळ माझं, पण नाक कोणाचं वर? मी त्याच्यावर कुत्रा सोडला. कुत्र्याने त्याचे हात चाटले आणि त्याच्या मागे निघून गेला. अजून आला नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
आज उतरवली. नीट क्रमाने सांगते, कारण गावात उलटसुलट बोलतात.

सकाळीच नाव परत मागे सरकवून घेतली. हुकाला ताजं तूप. पिनेला तूप. देवीदास म्हणे, साखळीनं बांधू. मी म्हटलं, साखळी कैद्याला, जनावराला कासरा. पोळ्याचा कासरा बांधला.

सगळं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर. ललिताबाई खुर्चीवर. जानराव सांडव्याच्या भिंतीवर उभा, तिथून चांगलं दिसतं म्हणून.

पाळीच्या चढावर पिकअपची मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. चिखल उडाला तो ललिताबाईच्या साडीवर. मग नाव मागे झुकली आणि पिकअपचा मागचा भाग उचलायला लागली. जानराव ओरडला, "वयनी, उलाळ झाली! उलाळ! हौद्यात मानसं बसवा!" उलाळ म्हणजे गाडी मागून जड होणं, हे तो मला सांगणार. मी सून होऊन आले तेव्हा हा गाडीत बसून ओकायचा. देवीदासही काहीतरी ओरडला, पण दात नसल्याने कळलं नाही. गावाने मागून रेटा दिला, दोघं घसरून पडले, एकाच्या हातावरून ट्रॉलीचं चाक जाता जाता राहिलं, पण चढली. वर चढली! टाळ्या झाल्या. जानरावनेही वाजवल्या, मी पाहिलं.

आता नुसती उलटी घ्यायची होती. पाण्याकडे मागचं तोंड, हळूच. देवीदासने रिव्हर्स टाकला. नाव उतारावर झुकली. पिन तुपात होती ती तुपासारखीच निघाली. कडी हुकातून वर उडाली. कासरा तुटला, तुटलेलं टोक रेटा देणाऱ्या शुभम सोनाराच्या पाठीवर बसलं, लांब वळ.

हंस ट्रॉलीसकट उलटा सुटला. इंजिन पुढे, मान मागे. समोर एवढं पाणी, ते सोडून काठाकाठाने सांडव्याकडे. त्याला काय वाटलं कोण जाणे.

मी ओरडले, "जानराव, सरक! अरे सरक ना बाप्पा!" मी इतकी ओरडले की घसा अजून बसलेला आहे.

भिंत गेली. जुना काळा दगड, पण आतला चुना कधीच मेला असावा. भिंत गेली तसं पाणी गेलं, पाण्यात जानराव गेला. एकदा त्याची पट्टी दिसली मानेची, मग तीही नाही. देवीदासने चप्पल न काढता उडी मारली. नाल्याच्या वळणावर बाभूळ आहे, तिला दोघे अडकले. काटे अंगभर. जानरावचा हात कोपरात मोडला. बाहेर काढल्यावर त्याने आधी चांगल्या हाताने देवीदासच्या कानाखाली वाजवली, आणि मग त्याच्याच गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

पाणी आमच्या शेवंतीच्या वावरातून गेलं. शेवंती नाही आता.

घरी येऊन मी दोन गोधड्या पांघरल्या, थंडी होती. ऑगस्टात थंडी असते कधी कधी.

३० ऑगस्ट, शनिवार
नाव भिंतीला धडकून उसळली ती तलावात जाऊन बसली. म्हणजे उतरली. मी सकाळी ललिताबाईकडे गेले आणि कळवलं, महालक्ष्म्यांच्या आत माझी नाव तलावात आहे, अट पुरी झाली, ठेका माझा.

ललिताबाई म्हणाली, "पार्वताबाई, नाव दिसली. आता तलाव दाखवा."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परतताना तिच्या फाटकाला पाय लागला. बिजागरी कच्ची होती.

दवाखान्यातून जानराव घरी आला. कोपरापासून प्लास्टर. मी पिठलं पाठवलं, शकुनच्या हाती. मी पाठवलं असं सांगू नको म्हटलं. तिने सांगितलं. त्याने खाल्लं आणि निरोप दिला की मीठ जास्त आहे.

१ सप्टेंबर, सोमवार
आज महालक्ष्म्यांचं पूजन. सकाळी पाळीवर गेले. तलावात गाळ आणि घोट्याएवढं पाणी. कमळं मात्र सगळी उभी, देठ इतके लांब, जशी काही कोणी रोवून ठेवली. गावच्या बाया साड्या खोचून चालत जात होत्या आणि विळ्याने कापून टोपलीत टाकत होत्या. चालत! भोई नको, डोंगा नको, ट्यूब नको. शकुन सगळ्यांच्या पुढे होती. देवीदास टोपल्या वाहत होता. जानरावच्या टोपल्या.

जानराव स्वतः माझ्या नावेत बसला होता. चिखलात तेवढीच कोरडी जागा. प्लास्टरचा हात कठड्यावर ठेवून हुकूम सोडत होता, बायांचे डबे, चपला, एक तान्हं पोरगं, सगळं नावेत. मला पाहून ओरडला, "वयनी, उभ्या काऊन? या, तुमचीच नाव हाये!"

जाणार नव्हते. पण आपली नाव तपासायला नको का? देवीदासने उचलून नेलं. मधेच त्याचा पाय रुतला, त्याच्या डोक्याला धरलं तर केस हातात आले थोडे. नावेत बसले. वीस जणांची आहे, ऐसपैस. मी जानरावला म्हटलं, पाहा, जरा तरी हलते का? किती स्थिर आहे. तो म्हणाला, "हो वयनी, लयच स्थिर हाये." आणि दोन कमळं काढून दिली, घरच्या महालक्ष्म्यांना. चांगली निवडून दिली. मी म्हटलं, अजून उमललेली नाहीत. घेतली.

तेवढ्यात पाळीवरून ललिताबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ठेका जानरावभाऊच्या नावे.

तलाव त्याच्या नावे. मी नावेत. इथूनच बोलते आहे, कारण खाली उतरता येत नाही, नावेभोवती गाळ मांडीएवढा आहे. कमळं तोडून झाली की उचलून नेतो म्हणालाय देवीदास. अजून बरीच आहेत.